घरचं माणूस

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या सिस्टरला एकशे एक पॉइंट चार ताप निघाला. थर्मामीटर तिनेच लावला, तिनेच वाचला आणि वहीत स्वतःचं नाव लिहिलं. त्या आठवड्यातली ती सतरावी नोंद.

हवा पालटली की शाळेत ताप येतो, हे दरवर्षीचंच. तो वर्गावर्गात पसरू नये म्हणून सिस्टरने चार वर्षांपूर्वी नियम लिहून दिले होते. ताप असलेल्याने वर्गात बसायचं नाही. आजाऱ्यांच्या खोलीत, उघड्या खिडकीजवळच्या बाकावर मास्क लावून थांबायचं. घरचं माणूस येऊन वहीत सही करेल तेव्हाच जायचं. शेवटची ओळ अशी : हे नियम शिक्षक व कर्मचाऱ्यांनाही लागू.

बाकाच्या एका टोकाला तिसरीतली एक मुलगी आधीच बसलेली होती. सिस्टरने मास्क लावला आणि दुसरं टोक धरलं.

"सिस्टर, तुम्हीपण?"

"मीपण."

"मग तुम्हाला न्यायला कोण येणार?"

"खोकताना तोंड कोपरात. सांगितलं होतं ना?"

"मी खोकलेच नाही!"

हेडक्लार्क दारातूनच डोकावला. "घ्या! आता आम्ही कोणाकडे जायचं? थांबा, तुमचं कार्ड काढतो."

त्याने ऑफिसात जाऊन कार्डावरचा नंबर मोबाइलवर लावला. टेबलावरचा फोन वाजला. सवयीने त्याने तो उचलला आणि "हॅलो, बोला" म्हणाला. दोन्ही कानांत त्याचाच आवाज आला. तो परत दारात आला.

"सिस्टर, हा तर आपलाच नंबर."

"घरच्या नंबराचा रकाना रिकामा असला की कार्ड परत येतं."

"परत तुम्हीच पाठवता."

"म्हणून तर भरला."

"चला, मी सोडतो. सहीही ठोकतो."

"तुम्ही घरचे नाही."

"बारा वर्षं एका किटलीतला चहा पितोय. अजून काय नातं लागतं?"

सिस्टर हसली नाही. हेडक्लार्कने पुन्हा विषय काढला नाही.

सिस्टरला घरचं एक माणूस होतं, धाकटी बहीण. तिची मुलगी याच शाळेत होती. दोन वर्षांपूर्वी, शिष्यवृत्तीच्या परीक्षेच्या दिवशी, सिस्टर फाटकावर प्रत्येक मुलाला विचारत होती : सकाळी औषध घेतलंस का? भाचीचं कपाळ गार होतं. पण ती म्हणाली, "हो मावशी, गोड होतं." औषधाने ताप दबतो, गार कपाळ धरत नाहीत, असं सोबत आलेल्या बहिणीला सांगून सिस्टरने तिला तिथूनच परत पाठवलं. परीक्षा बुडाली. बहीण एवढंच म्हणाली, "तुझे नियमच तुझ्या घरचे. राहा त्यांच्याजवळ." महिनाभरात तिने मुलीचं नाव शाळेतून काढलं. त्या आठवड्यात भाचीच्या वर्गात दुसऱ्या कोणालाही ताप आला नव्हता. ते बहिणीला सांगायचं राहून गेलं.

साडेअकराला सिस्टरने तापाची गोळी घेतली. वेळ वहीत लिहिली.

बारा वीसला मुलीचे आजोबा आले. सही करताना मुलीने त्यांची बाही ओढली. "आजोबा, सिस्टरनापण घेऊ या?"

"तुझ्या एकटीमुळेच नाकी नऊ आलेत, बाई."

दोघं गेले. मुलीने जिन्यावर एकदा खोकून घेतलं, बहुधा कोपरात.

एक वाजून पाच मिनिटांनी सिस्टरने पुन्हा ताप मोजला, शंभर लिहिला, हेडक्लार्कला हाक मारली आणि कुठेही न बघता एक नंबर सांगितला.

"कोणाचा?"

"धाकटीचा."

त्याने दारात उभं राहून फोन लावला आणि स्पीकर चालू केला. शाळेचं नाव आणि सिस्टरला ताप असल्याचं सांगितलं. मग बहिणीने विचारलं, "ताप किती?"

"आत्ता शंभर."

"औषध घेतलंय का तिने?"

हेडक्लार्कने बाकाकडे पाहिलं. सिस्टरने मान हलवली.

"घेतलंय म्हणतात."

"मग तो शंभर धरत नाहीत. मला फाटकावर तिनेच सांगितलं होतं."

सिस्टर खिडकीबाहेर बघत होती.

"फाटक बंद किती वाजता होतं?"

"पाचला."

फोन कट झाला.

चारला शाळा सुटली. हेडक्लार्कने ऑफिसला कुलूप लावलं आणि घरी न जाता फाटकाजवळच्या खुर्चीवर बसून राहिला. चार पन्नासला सिस्टरने पुन्हा थर्मामीटर लावला. एकशे एक पॉइंट आठ. तिने आकडा लिहिला. शेजारचा सहीचा रकाना कोरा होता. फाटक उघडं होतं.