अंगठ्याला न कळलेली हवा

कोणी सायकलीत हवा भरायला आलं की आमचे हे पंपाला हात लावण्याआधी विचारत, "कुठं जाऊन राहिला?" नवा माणूस गोंधळून जाई. पण शेतातल्या धुऱ्यांवरून, बांधाबांधानं, उतई गावाला जाणाऱ्याची हवा वेगळी आणि डांबरी सडकेनं कारखान्याच्या गेटापर्यंत जाणाऱ्याची वेगळी, असं यांचं म्हणणं. धुऱ्यावर चाक जरा नरम हवं, म्हणजे ते ढेकळांवरून बसत बसत जातं. टणक असलं तर उडतं आणि माणसाची कंबर धरते. तेच नरम चाक डांबरावर चालवलं तर ड्यूटीवर पोचेपर्यंत पाय भरून येतात. दूधवाल्याचं मागचं चाक कडक, पुढचं त्याहून थोडं कमी. बायकोला कॅरिअरवर बसवून न्यायचं असेल तर मागे जास्त, नाहीतर ट्यूब रिमखाली चिमटते. आणि वैशाखात सायकल दिवसभर उन्हात उभी राहणार असेल तर हात आखडता घ्यायचा, कारण तापलेली हवा फुगते. हे सगळं पाहायला यांच्याजवळ एकच माप होतं, उजव्या हाताचा अंगठा. टायर दाबून हे क्षणभर थांबत आणि म्हणत, "जा."

आम्ही साकोलीकडचे. भिलाईत कारखाना बांधायला माणसं लागतात असं ऐकून आलो. आधी यांनी गिट्टी वाहिली, मग मजुरांच्या कॅम्पच्या बाहेर सडकेच्या कडेला करंजाच्या झाडाखाली सायकलचं दुकान टाकलं. पहिली भट्टी अजून पेटायची होती. सकाळी सडकेवर सायकलींची नुसती रांग लागे. मी तुळशीला पाणी घालून, देवापुढे दिवा लावून भाकर घेऊन जात असे. यांनी घास घेतल्याशिवाय मी पाणी घ्यायचं नाही, हा माझा नेम.

त्या चैत्रात चिंधू गवळ्याचं मागचं चाक भर सडकेवर फुटलं. दोन्ही कॅन आडवे झाले, दूध मुरमात जिरलं. चिंधू सायकल ढकलत परत आला.

"शेषरावभाऊ, हवा भरली का वैनीवरचा राग भरला?"

लोक हसले. हेही हसले. "टायरच जुना तुहा," म्हणाले. पण पुढच्या काही दिवसांत आणखी दोघांची चाकं फुटली. त्यातला एक म्हणाला, "भाऊ, भट्टी तिकडं पेटायची हाय, तुमच्या झाडाखाली नाही." या वेळी हे हसले नाहीत.

मला कळलं ते एकादशीच्या सांजेला. दिव्याची वात काजळी धरत होती, म्हणून यांनी ती अंगठ्यानं आणि बोटानं सारखी केली आणि माझ्याशी बोलत बोलत हात तिथंच ठेवला. कातडी जळाल्याचा वास आला.

"अवो, बोट."

यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग बोटाकडे. त्यावरून मी काय ते समजले.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून." यांनी बाही वर केली. भर उन्हाळ्यात हे पूर्ण बाह्यांचा सदरा का घालतात ते तेव्हा कळलं. कोपराखाली फिकट चट्टा होता. "इथं चिमटा घेऊन पाह्य. काहीच नाही लागत. टायर दाबतो त वाटते, खालीच हाय. म्हणून अजून भरतो."

मी चट्ट्यावर हात ठेवला. यांनी तो बाजूला केला.

"कोणाले सांगू नोको. फकिराले पाह्यलं ना तू?"

फकिरा आमच्या गावचा, महारोग झालेला. त्याच्या सख्ख्या भावानं त्याला शिवेबाहेर झोपडी बांधून दिली होती आणि जेवण दुरून एका दगडावर ठेवत. नवी नवरी असताना मीही त्या दगडावर भाकर ठेवून आले होते. रात्री देवापुढे बसले, पण काय मागावं ते सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाकर दिली आणि मी घरी परतलेच नाही. हे हवा भरत, मी पदर खोचून टायर दाबून पाही. हे हळूच सांगत, "एवढी धुऱ्याची. आता अजून दोन पंप, आता पाह्य, ही डांबराची." सुरुवातीला मला सगळं सारखंच लागे. मग अंगठा शिकला. चिंधूच्या मागच्या चाकाला मी स्वतःहून "बस" म्हणाले तेव्हा यांचा चेहरा उजळला.

"काय शेषराव, मालकीण बसवली का दुकानावर?" लोक विचारत.

"व्हय. मी आता नौकर."

एकही चाक फुटलं नाही. खरं सांगायचं तर ते दिवस मला गोड गेले. लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी आम्ही इतका वेळ शेजारी बसलो नव्हतो.

पण पावसाळ्यात यांच्या अंगठ्याला स्पोक लागला. दुखलंच नाही, म्हणून कळलं नाही, चिघळलं. करंगळीही आत वळू लागली. मी हळद लावून पट्टी बांधी. एकदा दुर्गच्या रेल्वेत असलेले मारोतराव हवा भरायला आले. पट्टी पाहून ते बाकीचे जाईपर्यंत थांबले.

"शेषराव, माह्या साळ्याले हेच झालं होतं. आता गोळ्या निघाल्या. बिलासपूरच्या पुढं दवाखाना हाय, तिथं राहा लागते. गेलेलं येत नाही, पण राह्यलेलं राहते."

"भलतंच काय बोलून राह्यले तुमी? तार लागली."

मारोतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

घरी आल्यावर मी म्हणाले, "जाऊन त पाहा."

"गेलो त साऱ्या कॅम्पले समजन. तुले नळावर उभी नाही करतीन. आन् अडलं काय? तुहा अंगठा हाय ना."

सकाळी तुळशीला पाणी घालताना तेच डोक्यात होतं. माझा अंगठा आहे तोवर हे दवाखान्यात जायचे नाहीत. एकेक बोट जाईल आणि लोकांच्या चाकांत हवा मात्र बरोबर राहील.

त्या दिवशी भाकर ठेवली आणि मी उभीच राहिले.

"आजपासून मी अंगठा लावणार नाही."

यांना थट्टा वाटली. तेवढ्यात चिंधू आला. यांनी पंप मारला, थांबले, दाबून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. माझे हात पदराखाली होते.

"सांग ना," हे हळूच म्हणाले.

मी पदर घट्ट धरला. यांनी आणखी भरली, पुन्हा दाबलं. कपाळावर घाम आला होता.

"वैनी, भांडण मागून करा," चिंधू म्हणाला. "माहं दूध नासून राह्यलं."

हे खाली बसले, व्हॉल्व्ह सैल केला आणि सगळी हवा सोडून दिली. "चिंधू, आज दुसरीकडं भर." तो पुटपुटत सायकल ढकलत गेला.

पंप झाडाला टेकवून यांनी विचारलं, "बरं वाटलं तुले?"

"नाही."

यांनी भाकर खाल्ली नाही, मीही पाणी घेतलं नाही. ऊन उतरल्यावर हे उठले आणि स्वतःच मारोतरावांच्या घरी गेले.

गाडीच्या दिवशी दुर्गच्या फलाटावर मी यांच्या पायांवर डोकं ठेवलं. हे सिग्नलकडे पाहत उभे राहिले. खाली पाहिलं तेव्हा दचकले. "कधी वाकली तू?" म्हणाले. पायालाही कळत नव्हतं, ते मला तिथं समजलं. गाडी सुटली तरी मी ते कोणाला सांगितलं नाही.

कॅम्पला कळायला वेळ लागला नाही. नळावर शेजारच्या भीमाबाईनं आपली घागर बाजूला ओढली. "तू मागून भर बाई," म्हणाली. रागानं बोलली नाही. मी मागून भरू लागले. दुकान मी रोज उघडत असे, पण सायकली समोरून निघून जात. मारोतराव अधूनमधून निरोप आणीत. जखम सुकली, गोळ्या लागू पडल्या, बोट मात्र सरळ व्हायचं नाही. कधी सोडतील, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

एक दिवस चिंधू झाडापासून जरा दूर थांबला. मागचं चाक बसलं होतं. बराच वेळ तो कॅनची दोरी सारखी करत राहिला.

"वैनी, मी भरतो. तुमी तिथूनच सांगा."

पंपाच्या दांडीला त्यानं आपला गमछा गुंडाळला आणि भरायला लागला. मी झाडाशी उभी राहून चाक जमिनीवर किती पसरतं ते पाहत होते.

"अजून," मी म्हणाले. मग म्हणाले, "बस."

"बराबर झाली?"

"दाबून पाह्य."

त्यानं दाबलं. चांगला धडधाकट अंगठा त्याचा. "मले काय समजते यातलं," म्हणाला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी एक पाऊल पुढं टाकलं. त्यानं सायकल किंचित मागे घेतली. मुद्दाम नाही, घेतली गेली.

मी तिथंच थांबले.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "जा."

तो सायकलीवर बसून निघाला. हवा बरोबर होती की नाही, मला माहीत नव्हतं.