सरळ अक्षरं

कारखान्यात तिला सगळे आरसाबाई म्हणायचे, कारण तिला अक्षरं उलटी काढता यायची. लालबुंद सळई शेवटच्या दोन रोलांमधून, म्हणजे लाटण्यासारख्या फिरत्या लोखंडी रुळांमधून, निघते तेव्हा तिच्या अंगावर कारखान्याचं नाव उठतं. ते उठतं रोलच्या खाचेत कोरलेल्या अक्षरांमुळे. सळईवर नाव सरळ यायचं तर रोलवर ते उलटंच हवं. हे काम आधी तिचे वडील करायचे. त्यांची नजर गेली, छिन्नी तिच्या हातात आली आणि तेवीस वर्षं तिथेच राहिली.

रोल काही जन्माला पुरत नाही. काही शे टन सळई काढली की खाच झिजते. वरून तापलेलं लोखंड आणि गार पाणी, या दोघांच्या कचाट्यात त्याला बारीक चिरा पडतात. मग तो रोलशॉपमध्ये आणायचा, लेथवर चढवून खराब थर उतरवायचा, आणि थराबरोबर जुनं नावही गेलं की नव्यानं कोरायचं. म्हणजे आरसाबाईचं काम दर वेळी पुसलं जायचं, आणि म्हणूनच दर वेळी तिची गरज लागायची. या हिशेबावर ती निश्चिंत होती. भोळीच म्हणायची.

वडिलांचा एक नियम होता. कोरून झालं की खाचेत मेणाचा गोळा दाबायचा आणि मेणावर उठलेलं नाव वाचायचं. वाचल्याशिवाय रोल दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही. मेण तिच्या एप्रनच्या खिशात कायम असे. नव्या रोलवरची पहिली सळई निघाली की ती वीतभर तुकडा घरी न्यायची. वडील त्यावर अंगठा फिरवून नाव वाचायचे, "हं" म्हणायचे आणि तुकडा खिडकीत ओळीनं लावायचे. कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही, पण तुकडे खिडकीत मावेनासे झाले होते.

मग कोरायचं मशीन आलं. रोलशॉपच्या साहेबांनी गोड बोलून तिच्याकडून सगळं काढून घेतलं. अक्षर किती खोल, दोन अक्षरांत अंतर किती, कड कुठे मोडते. तिनंही हातचं काही राखलं नाही. आठवड्यानं साहेबांनी तिच्या हातात फडकं आणि तपासणीची वही दिली.

"महिनाभर बघू या, बाई. मशीननं नीट केलं तर उगाच तुम्हाला कशाला त्रास?"

त्रास म्हणे! तिच्या तोंडचा घास काढायचा आणि वर तिचीच काळजी. त्या दिवसापासून ती एकाच गोष्टीची वाट पाहू लागली. मशीननं एकदा तरी तोंडावर आपटावं.

सतराव्या दिवशी ते आपटलं. मालकांनी सळईवरचं नाव बदललं होतं. मशीनवाल्यानं नवं नाव भरलं आणि ते उलटं करायची खूण द्यायची विसरला. आरसाबाईनं रोलवरचं तेल पुसलं आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा रोलवरचं नाव तिला घडाघडा वाचता आलं.

तेवढ्यात साहेब आले. वाकून बघतात तर काय, नाव कसं स्वच्छ!

"वा! याला म्हणतात काम. नाहीतर बाई, तुमचं कोरलेलं कधी धड वाचताच यायचं नाही हो."

मशीनवाला खूश होऊन हसला. आरसाबाईचा हात खिशातल्या मेणावर होता. 'साहेब, उलटं करायचं राहिलंय,' एवढं म्हटलं की काम भागत होतं. पण ती मनात म्हणाली, होऊ दे शोभा. मग येशील माझ्याच दारात. तिनं वहीत 'तपासला' लिहिलं, खाली सही केली आणि रोल जाऊ दिला.

दुसऱ्या दिवशी पाळीभराच्या सळया उलट्या नावाच्या निघाल्या. तिनं छिन्न्यांना धार लावली, धुतलेला एप्रन घातला आणि बोलावण्याची वाट पाहिली. दुपारी बोलावणं आलं. साहेब फोनवर गिऱ्हाइकाशी हसत बोलत होते.

"अहो, शेवटी सिमेंटातच गाडायच्यात ना? नाव वाचत कोण बसतंय! घेऊन जा सगळ्या."

फोन ठेवून त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली.

"सही तुमची आहे, बाई. मशीनवाल्यानं खूण दिली, दुसरा रोल कोरला, तासाभरात सगळं ठीक झालं. मी वर काही कळवत नाही. पण महिनाअखेरीला आपण थांबू या."

वर उपकार! पण सही खरंच तिची होती. निघताना तिनं उलट्या नावाचा एक तुकडा उचलून पिशवीत टाकला.

घरी वडील खिडकीशी बसले होते. त्यांनी सवयीनं हात पुढे केला. अंगठा एकदा फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला.

"उलटं आहे."

"मशीननं केलंय, बाबा!" असं म्हणून तिनं सगळं ओकून टाकलं. साहेब, त्यांचं हसणं, सिमेंट, महिनाअखेर. वडिलांनी त्या लोकांना चार शिव्या घालाव्यात, एवढंच तिला हवं होतं.

ते शांतपणे म्हणाले, "मेण दाबलं नव्हतंस?"

"मेण कशाला? नुसतं बघूनच कळलं मला."

"कळलं होतं?"

तिनं पिशवी खुंटीला अडकवली.

"आणि जाऊ दिलास."

"त्यांना धडा मिळावा म्हणून, बाबा."

"मग हा तूच कोरलास," ते म्हणाले. त्यांनी चाचपडत तिचा हात शोधला आणि तुकडा तिला परत दिला.