गव्हाच्या कोठीतली डिस्क

नितेशच्या अमरावतीच्या राजापेठेतल्या स्टुडिओत एकदा कॉम्प्युटर बंद पडला आणि महिन्याची मेहनत मातीत गेली. दुधानं तोंड पोळलं, तेव्हापासून गडी ताकही फुंकून पिऊ लागला. सगळ्या कामाची एक डिस्क स्टुडिओत, दुसरी तिवशाला आईच्या गव्हाच्या कोठीत, आणि दर रविवारी अदलाबदल. पुढच्या वर्षी कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला, सोबत स्टुडिओतली डिस्कही गेली, तेव्हा त्याने कोठी उघडली आणि संध्याकाळपर्यंत एकूणएक गाणं जागच्या जागी आणून बसवलं. नेटवर चढवून ठेव म्हणणाऱ्यांना तो म्हणायचा, "आपला माल दुसऱ्याच्या घरी कायले ठेवायचा?"

त्या मालात सोनं एकच होतं, आईचा आवाज. सुभद्राबाईंच्या घशात कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं, तेव्हा ऑपरेशनच्या आधी चार दिवस ती माईकसमोर बसली आणि भुलाबाईची बत्तीस गाणी गायली. नितेशने त्यातलं एक सजवून बाहेर काढलं. उरलेली एकतीस सवडीने करू म्हणत तशीच राहिली. आता सुभद्राबाई गळ्याच्या भोकातून श्वास घ्यायची आणि हाताने बोलायची.

रेकॉर्डिंगला मशीनवर बसला होता श्याम, तेव्हाचा भागीदार. पुढे दोघांचं फाटलं आणि श्यामने अकोल्यात स्वतःचा डीजे काढला. यंदा नवरात्रात त्याने बाहेर आलेल्या त्या एका गाण्याखाली धमाधम ठोका घातला, मधेमधे शिट्ट्या आणि हलकट आरोळ्या पेरल्या आणि मिरवणुकीत वाजवलं. नितेशच्या कानावर गेलं. अष्टमीला तो अकोल्याला जाऊन गाडीवर चढला आणि भर गर्दीत श्यामच्या दोन थोबाडीत ठेवून दिल्या. खरं सांगायचं तर तिथंच थांबला असता तर आईचा मुलगा शोभला असता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सुभद्राबाईंच्या घरचा कायदा असा की पूजेला एकही हत्यार बाकी ठेवायचं नाही, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत मांडलेलं हलवायचं नाही. सासऱ्यांच्या वेळी वखर, विळे असायचे. आता मुलाचं हत्यार कॉम्प्युटर. म्हणून कोठीतली डिस्क फडक्यात बांधून ती स्वतःच बसने अमरावतीला घेऊन आली. नितेश जरा कुरकुरला, "माय, हे तरी तिथंच राहू दे ना." तिने हात उडवला. स्टुडिओत पाटावर कॉम्प्युटर, शेजारी दोन्ही डिस्का, हळदकुंकू, झेंडूची फुलं. वर्षातून एकच दिवस सगळं एका जागी यायचं, आणि तेही आईच्या हौसेखातर.

दुपारी श्यामच्या डीजेवरची तीन पोरं लोखंडी रॉड घेऊन आली. त्यांना काही शोधावंही लागलं नाही. पहिला रॉड स्क्रीनवर पडला, दुसरा पाटावर. नितेश मधे पडला तर एकाने त्याचा डावा हात टेबलावर दाबला आणि दुसऱ्याने बोटांवर रॉड मारला. दोन बोटं जागीच उलटी झाली. पोरं कॉम्प्युटर आणि डिस्का घाव घालून फोडत होती, कुंकू भिंतीपर्यंत उडालं होतं. सुभद्राबाई एकाच्या दंडाला लोंबकळली, त्याने तिला भिंतीवर फेकलं. कपाळ फुटलं. ती ओरडत होती, तोंड पूर्ण उघडं होतं, आणि आवाज नव्हता. ते तोंड नितेशच्या डोळ्यांपुढून हललं नाही. त्याचा जीव तुटला, आणि अक्कलही तिथंच सुटली.

दसऱ्याच्या सकाळी लोक आपट्याची पानं घेऊन निघाले, हा हाताला पट्टी बांधून आणि गाडीच्या डिक्कीत रॉड घालून अकोल्याला निघाला. श्याम खोलीत एकटाच कॉम्प्युटरपुढे बसला होता. नितेशला पाहून तो उठला, तोंड उघडलं. "नितेश, आयक पयले..."

नितेशने ऐकलं नाही. रॉड सरळ जबड्यावर बसला. दात फुटल्याचा आवाज आला. श्याम खाली पडला, रक्ताच्या गुळण्या टाकत एक हात वर करून मशीनकडे दाखवू लागला, नको नको म्हणून हलवू लागला. नितेशला वाटलं, आता स्वतःच्या मशीनसाठी जीव जाऊन राहिला लेकाचा.

"मह्या मायचं कपाळ फोडलं तुह्या पोट्ट्यायनं! मशीनची पडली तुले?"

आणि तो मशीनवर तुटून पडला. पत्रा वाकला, तरी मारत राहिला. आतली डिस्क बाहेर लोंबायला लागली, तिच्यावर मारलं. श्यामने पाय धरला तेव्हा त्या हातावरही मारलं. मनगट मोडलं.

दमल्यावर थांबला. श्याम तोंडातलं रक्त थुंकून कसाबसा बोलला. "मी धमकावाले धाडलं होतं बे… फोडाले नाई. डिस्का फोडल्या, हे पोट्ट्यायनं राती सांगतलं. काकूची सारी गाणी मह्यापाशी होती. भागीदारीतली. तुह्यासाठी कॉपी मारून राहिलो होतो."

टेबलाखाली वायरला एक नवी कोरी डिस्क लटकत होती. तिच्यावर चिकटपट्टीवर पेनने लिहिलं होतं: काकूचे गाणे, नितेशले देणे.

पोलिसात कोणीच गेलं नाही, दोघांचेही हात रक्ताने भरलेले. दुरुस्तीवाल्याने फुटलेल्या सगळ्या डिस्का कानाशी हलवून पाहिल्या. आत तबकड्यांच्या काचा खुळखुळल्या. श्यामच्या नव्या डिस्कवर मात्र एक फाईल पूर्ण उतरली होती, सगळ्यात पहिली.

नितेशने ती तिवशाला नेली. सुभद्राबाई कपाळाला टाके घेऊन ओसरीवर बसली होती. डिस्क पाहिल्यावर तिचा चेहरा फुलला. तिने पदर सावरला, स्पीकर जवळ ओढला. गाणी गेली, हे नितेशने तिला अजून सांगितलं नव्हतं. त्याने बटण दाबलं.

माईकची चाचणी होती. मागे कुकरची शिट्टी, मग आईचं हसणं, मग तिचा लख्ख, भरलेला आवाज: "सुरू झालं का रे, पोरा?"

एवढंच. पुढे काही नव्हतं.

सुभद्राबाईने हाताने ताल धरला आणि गाणं सुरू व्हायची वाट पाहत मुलाकडे बघत बसली.