एका कानाचे दोन दाखले

एकवीस वर्षं ट्रक चालवणाऱ्या त्या माणसाला वाहनतळावर सगळे भोंगा म्हणायचे. तो नुसतं पाणी मागायचा, तरी शेजारच्या गाडीत डुलकी घेणारा दचकून उठायचा. इंजिनाशेजारी आयुष्य गेलं की माणूस ओरडूनच बोलणार, असं लोक म्हणत. त्यालाही ते पटलं होतं.

ट्रक चालवणाऱ्याला दर दोन वर्षांनी डॉक्टरचा दाखला लागतो. नजर, रक्तदाब, कान. कान तपासताना डॉक्टरने पाच पावलांवरून कुजबुजायचं असतं. पण त्याचे म्हातारे डॉक्टर स्वतःच कमी ऐकायचे, त्यामुळे त्यांची कुजबुज रस्त्यापर्यंत जायची. भोंगा दरवेळी पास.

यंदा नियम बदलला. दाखला आता चालकाने नेऊन द्यायचा नाही, डॉक्टरने संगणकावरून थेट परवाना कार्यालयाला धाडायचा. म्हाताऱ्या डॉक्टरांनी सवयीने कागदावर शिक्का मारून दिला. भोंग्याने तो जपून ठेवला. महिन्याभराने पत्र आलं, की दाखला न मिळाल्याने तुमचा परवाना यापुढे फक्त मोटारीपुरता. मोटार त्याच्याकडे नव्हतीच.

तो कागद घेऊन कार्यालयात गेला. तिथला कारकून तोंडातल्या तोंडात बोलणारा, त्यात मधे जाड काच. भोंग्याने चारदा 'काय?' विचारलं. कारकून वैतागून म्हणाला, "पुन्हा तपासून या." भोंग्याला ऐकू आलं, 'पुढे पाठवू या.' तो आभार मानून घरी आला आणि पंधरा दिवस वाट बघत बसला.

शेवटी बायको सोबत गेली. ती घरी शिवणकाम करायची. हातातलं काम टाकून आली होती. कारकुनाचं बोलणं तिला काचेतूनही नीट समजलं. परतताना जिन्यावर ती मागून म्हणाली, "अहो, पिशवी राहिली." तो उतरतच राहिला. तिने तीनदा हाक मारली, मग खाली जाऊन खांद्यावर हात ठेवला. "तुमचं ओरडणं इंजिनामुळे नाही, कानामुळे आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या डॉक्टर तरुण होत्या आणि खरोखर कुजबुजायच्या. डाव्या कानाशी त्यांनी एक आकडा म्हटला. भोंगा आदराने 'हो' म्हणाला. त्यांनी समजावलं, की कानाचं यंत्र लावून नीट ऐकू आलं तर दाखला मिळतो, फक्त त्यावर तशी अट येते.

घरी त्याने बरेच आढेवेढे घेतले. वाहनतळावर लोक हसतील म्हणाला.

"आत्ताही हसतातच," बायको म्हणाली. "तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच."

यंत्र आलं, दाखला गेला, तो पुन्हा कार्यालयात उभा राहिला. कारकून शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "आला बघ बहिरा."

"हो, तोच आलोय," भोंगा शांतपणे म्हणाला.

कारकुनाने संगणकाच्या पडद्यात डोकं खुपसलं. पडद्यावर नवाच घोळ होता. म्हाताऱ्या डॉक्टरांनी नातसुनेकडून शिकून घेऊन आपलाही दाखला उशिरा का होईना पाठवला होता. एका दाखल्यात कान ठणठणीत, दुसऱ्यात यंत्राशिवाय नाही. संगणक एकच ठेवू देत होता. कारकुनाने बहुधा मघाच्या शरमेपोटी सुचवलं, की पहिला ठेवा, अट नाही, दोन वर्षं कटकट नाही.

भोंग्याला सकाळचं आठवलं. रस्त्याने चालताना मागून आलेल्या ट्रकचा भोंगा ऐकून तो बाजूला झाला होता, आणि मग बराच वेळ तिथेच उभा राहिला होता. आपल्यामागे आजवर किती जणांनी वाजवला असेल, याचा विचार करत.

"यंत्रवाला ठेवा."

"दरवर्षी यावं लागेल."

"येईन."

चांगला दाखला रद्द का करायचा, याची कारणं संगणकात दिली होती. त्यांत 'तो खरा नाही' असं कुठेच नव्हतं. कारकुनाने 'डॉक्टर बदलले' निवडलं आणि भोंग्याने सही केली.

सोमवारी तो गाडीवर चढला. लोक दोन दिवस हसले. तिसऱ्या दिवशी एक जुना चालक त्याला बाजूला घेऊन गेला आणि त्या डॉक्टरबाईंचा पत्ता विचारू लागला. मेहुण्यासाठी हवाय, म्हणाला.