पट्टीवरची फिकट रेघ

मी गरोदरपण तपासायची पट्टी बोलतेय. पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीत बसवलेली, बोटभर लांबीची. माझ्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नाही, म्हणून आज मीच बोलते.

माझ्या अंगात सोनं आहे. खोटं वाटेल, पण आहे. कारखान्यात सोन्याचे इतके बारीक कण करतात की एका केसाच्या जाडीत ते हजारावर मावतील. एवढं बारीक झालं की सोनं पिवळं राहत नाही, लाल दिसतं. यालाच नॅनो तंत्रज्ञान म्हणतात. बाईला दिवस गेले असले की तिच्या लघवीत एक द्रव्य येतं. माझे कण त्याला धरून पुढे वाहतात आणि ठरल्या जागी अडकून रेघ काढतात. एक रेघ म्हणजे पट्टी चांगली आहे. दुसरी उमटली, तर पोटात बाळ आहे. उन्हाच्या काही क्रीममधले जस्ताचे कण, जखमेवरच्या काही पट्ट्यांतले चांदीचे कण, हे सगळे माझे भाऊबंद. तुमच्या घरात असतात, फक्त दिसत नाहीत.

मी शहरातल्या महाल नावाच्या भागातल्या एका मेडिकल दुकानात होते. एका संध्याकाळी रोशनी आली आणि हळूच माझं नाव घेतलं. तिनं न सांगताच दुकानदारानं मला कागदात गुंडाळलं, वर काळी पिशवी. खोकल्याचं औषध तो उघडंच देतो.

खरं तर रोशनी नंदनवन वस्तीत राहते आणि तिथल्याच मेडिकल दुकानात कामाला आहे. माझ्यासारख्या पट्ट्या ती रोज विकते. पण तिथून घेतली असती, तर सोबतच्या मुलींना कळलं असतं.

काही दिवस मी तिच्या पर्समध्येच राहिले. मग एका सकाळी तिनं न्हाणीघराची कडी लावली आणि माझ्यावर थेंब टाकले. पहिली रेघ लगेच आली. दुसरी आली, पण फिकट. रोशनी हसली नाही. पालथ्या बादलीवर बसून माझ्याकडे नुसती बघत राहिली.

याआधी दोनदा तिचं बाळ पोटातच गेलं होतं. दुसऱ्या वेळी तर तिची सासू गोदूबाई गल्लीभर पेढे वाटून आली होती. नंतर तीच गल्ली रोशनीला विचारायला येऊ लागली. रोशनीनं हळदीकुंकवाला जाणंच सोडलं.

या वेळी तिनं फक्त नवऱ्याला सांगितलं. अभिजीत कामठीला पॉवरलूम दुरुस्त करतो. तो तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिला. मला तिनं साबणांच्या खोक्यामागे लपवलं.

तिथं मी गोदूबाईच्या हाती लागले. तिनं उभी हयात हातमागावर साड्या विणल्या. बारीक काठ बघायची सवय, तिनं मला खिडकीपाशी नेलं.

"रोशनी, हे काय होय वं? ताप पाहाचं होय काय?"

"नाही, आई." रोशनीचा चेहरा उतरला. "दिवस गेले का नाही, ते समजते याच्यावर. दोन रेघा आल्या तं हो."

"मले तं दोन दिसून राहिल्या."

"दुसरी फिकट आहे. कोणाले सांगू नका, आई."

"अभिजीतले माहीत आहे?"

"हो."

गोदूबाईचं तोंड एवढंसं झालं. आपल्याला शेवटी कळलं, हे तिला लागलं. मला पुन्हा जागेवर ठेवून ती म्हणाली, "नाही सांगत. तू सांगशील तवाच."

मला वाटलं, दोन दिवसांत फुटेल ही बाई.

मध्ये रोशनीच्या अंगावरून थोडं रक्त गेलं. डॉक्टरीणबाईंनी आराम सांगितला. शेजारची जिजाबाई दारातून ओरडली, "काहून वं गोदू, सून कामावर नाही जाऊन राहिली?"

"ऊन बाधलं तिले," गोदूबाई म्हणाली आणि वरण ढवळत राहिली. वरण केव्हाच शिजलं होतं.

तीन महिने सरले, चार सरले. पाचव्यात रोशनी पुन्हा दुकानात जाऊ लागली. परवा ती घरी आली तेव्हा दोघी म्हाताऱ्या दारापुढच्या ओट्यावर बसल्या होत्या. जिजाबाईनं तिच्या पोटाकडे पाहिलं, मग गोदूबाईकडे.

"तिलेच विचार," गोदूबाई म्हणाली.

रोशनी पायरीवर टेकली. "सहावा लागला, काकू."

"आन् तू मले एका शब्दानं सांगितलं नाही वं गोदू!"

"माह्या पोटात थोडी आहे लेकरू!"

रोशनी इतकी हसली की ओढणी तोंडाला लावावी लागली. तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं!

मी आता तिच्या कपाटात दवाखान्याच्या कागदांखाली असते. माझं काम एका सकाळीच संपलं. अजून चार महिने जायचे आहेत, आणि त्यांचं मला काही सांगता येत नाही. तेवढी अक्कल माझ्यात नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणाच्या घरी पाळणा हलला नाही, तर दारात उभं राहून विचारू नका. जिची बातमी आहे तिला ती सांगू द्या, तिला वाटेल तेव्हा.