जंजिऱ्यातून परतताना

होडीतून उतरताना झुलालआबांनी उपरण्याचं टोक नाकावर आणखी आवळून धरलं. होडीच्या तळाशी काळं पाणी हिंदकळत होतं, समोर राजपुरीच्या धक्क्यावर मासळी वाळत पडली होती. असल्या जागी लोक हौसेनं येतात, याची आबांना कमाल वाटत होती.

"जपून, आबा. शेवाळ आहे," सुनंदा म्हणाली आणि चपला हातात घेऊन भराभर पुढं गेली.

आबा जामनेरहून किल्ला बघायला आलेच नव्हते. दिवाळीला माहेरी आलेली सुनंदा चुलीपाशी हमसून रडली होती. नवऱ्याची बदली मुरूडला झालेली. तिथं पाण्याला वास, कपड्यांना वास, घास तोंडाशी नेला की पोटात ढवळतं म्हणे. आबांनी तेव्हाच ठरवलं होतं, पोरीला घेऊन यायचं. जावयाची तिथून बदली होईल तेव्हा होईल. पण हे बोलायला तोंड उघडावं लागत होतं, आणि तोंड उघडलं की तो वास आत शिरत होता.

मघाशी किल्ल्यात तिनं त्यांना तोफ दाखवली, तलाव दाखवला. आबांना तोफेवरच्या माश्या आणि तलावातला हिरवा थर तेवढा दिसला. राजेरजवाडे इथं राहिले म्हणे! यापेक्षा आपला गोठा बरा.

"काय वं सुनंदा, इथं माणसं राह्यतात कसे?"

"राहतात की."

धक्क्यावर एका कोळणीच्या टोपलीपाशी ती थांबली. पापलेट उचललं, कल्ला उघडून आत बघितलं, बोटानं दाबलं आणि भावावरून हुज्जत घातली. कोळीण तिला नावानं हाक मारत होती. आबांनी मान फिरवली. आता बोलायचंच, असं ठरवून ते एका दगडावर टेकले.

नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, म्हणून शिदोरी बरोबरच होती. फडकं सोडताच ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा, ठेच्यावर घातलेल्या कच्च्या शेंगदाणा तेलाचा वास आला. दिवसभरात पहिल्यांदा आबांना भूक लागली. त्यांनी आधी तिला घास दिला.

सुनंदानं तो तोंडाशी नेला आणि तिचं नाक आक्रसलं. तिनं कसाबसा गिळला.

"तेल खवट झालंय का हो?"

"घाण्यावरून परवाच आणलं. तुह्या मायनं बांधून देलं."

"मग मलाच उग्र लागतंय." ती ओशाळली. "राग नका मानू, आबा. इथल्या ओल्या नारळाच्या जेवणाची सवय झाली आता. काही बोलणार होता ना तुम्ही?"

आबांनी शिदोरी आपल्याकडे ओढून घेतली.

"काही नाही. समिंदर लय मोठा आहे, म्हनत व्हतो."

वारा त्यांच्याकडून तिच्याकडे वाहत होता. आबा उठले. शिदोरी घेऊन, वळसा घालून तिच्या पलीकडे जाऊन बसले आणि जेवू लागले. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांखालीच तेवढी जागा होती.