काका, थोडं वर

डब्याचं झाकण खणकन वाजलं आणि ते सगळ्या मैदानानं ऐकलं.

त्याआधी इतकी शांतता होती की वर्धेच्या काठावरच्या बाभळींत घुमणारे होले ऐकू येत होते. दिवस मावळला होता. रुक्मिणीचा खेळ सुरू व्हायला दहा मिनिटं होती आणि अख्खं कौंडण्यपूर पडद्याकडे डोळे लावून बसलेलं. अशात आवाजाच्या मिक्सरजवळचा माइक चालू राहिला, आणि सहा वर्षांच्या प्रणालीला भूक लागली.

"राजवाड्यात पंगत बसली वाटते!" गर्दीतून कोणी ओरडलं. हशा पिकला.

मिक्सरवर बसलेल्या तिच्या आईनं, हर्षानं, घाईनं माइक बंद केला. मागे टीव्ही चॅनेलचा केदार उभा होता. "मॅडम, लाईव्ह आहे. मुलीला घरी ठेवायचं ना."

"सासूबाईच्या डोयाचं ऑपरेशन झालं, सर. कोणापाशी ठेवू?"

अकोल्याहून निघताना माणिकबाई डोळ्यावरची पट्टी सावरत दारापर्यंत आल्या होत्या. "जातच हायेस तं जाय. पण त्या पायऱ्याकडे फिरकू नोको, आन पोरीलेही जाऊ देऊ नोको."

त्या पायऱ्या म्हणजे रंगमंचामागच्या लोखंडी पायऱ्या. गेल्या वर्षी याच खेळात, याच टीव्हीवाल्यांपुढे, त्यांत करंट उतरला आणि हर्षाचा नवरा जीवन गेला. आवाजाचं सगळं काम तोच बघायचा. हर्षा वायरी गुंडाळता गुंडाळता शिकली. भीमक राजाचं काम करणारे म्हातारे किसनराव तेराव्याला आले होते. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, "जागच्या जागी गेला, पोरी. त्याले काही समजलंच नसन." त्या एका वाक्यावर हर्षानं वर्ष काढलं. झोपताना प्रणालीलाही ती रोज तेच सांगायची. बाबाले काही दुखलं नाही, बेटा.

मोठ्या आवाजानं पोरगी दचकू नये म्हणून हर्षानं जीवनचा हेडफोन तिच्या कानांवर चढवला. दोघींचे हेडफोन एकाच मशीनला लावलेले. प्रणाली पोळीचा रोल धरून गप्प बसली.

खेळ सुरू झाला. रुक्मिणीचं गाणं रंगलं. पुढची एन्ट्री किसनरावांची. माणूस रंगमंचावर येण्याआधी त्याच्या छातीवरचा माइक चालतो की नाही, ते आपल्यापुरतं हेडफोनमध्ये ऐकून घ्यायचं, मैदानाला कळू न देता. ही जीवनची शिस्त. हर्षानं बटन दाबलं. आधी धाप ऐकू आली, मग पडद्यामागे कोणा पोराशी बोलणारा किसनरावांचा आवाज.

"नितेश, मशीनीवर जीवनची बायको बसून राहिली. मले तिकडे पाहवत नाही, बापा."

"तुमचा काय दोष, काका?"

"म्या ऐकलं होतं रे त्याले. याच पायऱ्याकडून ओरडला. काका, मेन बंद करा! दोन डाव ओरडला. मेन माह्या हाताजवळच होतं. पण टीव्हीवर चालू, एन्ट्री माही. म्हटलं, बंद केलं तं सारा खेळ अंधारात जाईन. पाहीन कोणी. त्या पायऱ्यावरून नाचणाऱ्या पोरी उतरणार होत्या, म्हणून त्यानं हातानंच वायर ओढली. अन् मी गेलो एन्ट्रीवर."

ढोल वाजला. किसनराव मुकुट सावरत प्रकाशात आले, हात उंचावला, ओठ हलले.

मैदानावर काहीच ऐकू आलं नाही.

"आवाज! आवाज!" पुढच्या रांगा ओरडल्या. केदार कानाशी आला. "मॅडम, किसनराव! वर घ्या ना!"

किसनरावांच्या आवाजाचं सरकतं बटन तळाशी होतं. हर्षाचं बोट त्यावर होतं आणि हलत नव्हतं. ते वर नेलं नाही तर म्हातारा असाच नुसते ओठ हलवत राहील. सगळं गाव बघेल, सगळा जिल्हा बघेल. बघू दे.

तिची नजर खाली गेली. प्रत्येक बटनाखाली जीवन कागदी टेप चिकटवून नटाचं नाव लिहायचा. वर्षभरात ती टेप काढायला तिचा हात धजला नव्हता. तिरप्या, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'किसनकाका. दम लागतो. थोडं वर.'

हर्षानं बटन वर नेलं. मग थोडं आणखी वर.

तिकडे किसनराव थांबले होते. ते मिक्सरच्या दिशेनं बघत होते, सरळ तिच्याकडे. तिनं सगळं ऐकलं, हे त्यांना कळलं असावं. त्यांनी पहिलं वाक्य पुन्हा घेतलं.

"कोण आहे रे तिकडे?"

आवाज खणखणीत मैदानभर गेला, नदीपलीकडे आपटून परत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. केदारनं अंगठा दाखवला.

हर्षाच्या पदराला ओढ बसली. प्रणालीनं एका कानावरचा हेडफोन बाजूला केला होता. पोळी तशीच हातात होती, एकच घास तोडलेली.

"आई, बाबा ओरडले होते ना? मंग काकानं बंद काहून नाही केलं?"